दोन नंबरचं बटन

दादाराव : किती वेळ असं एका कुशीवर पडून राहू रे? कानात चुना भरला का काय तू?

हेमंत : चुना नाही मामा. दाताचे डॉक्टर कवळीचा साचा घेतात ना, त्याची पूड आहे. पाण्यात कालवून भरली. आता तोंड हलवू नका. जबडा हलला की कानाची नळी हलते, मग साचा बिघडतो.

दादाराव : आँ?

हेमंत : तोंड हलवू नका म्हटलं.

जयवंता : कशाले वरडून राहिला? थोडंफार ऐकू येत होतं तो उजवा कान तं तू बुजवून टाकला. डाव्या कानापाशी ढोल वाजवला तरी त्यायले समजत नाही. बरंच झालं. मले तुह्यासंग बोलाचं होतं.

हेमंत : बोला ना मामी.

जयवंता : हे तू करू नको, हेमंत.

हेमंत : काय करू नको?

जयवंता : हेच, कानातलं. साचा बिघडला म्हणून सांग. पूड जुनी निघाली म्हण. काहीबी म्हण, तुले बोलता येते. पांढुर्ण्याले टेलिफोनच्या हापिसात बसते तू, दिवसभर लोकायले लाईन खराब हाय म्हणूनच सांगत असशीन.

हेमंत : मामी, मी हे मामांच्या भल्यासाठी करून राहिलो.

जयवंता : भल्यासाठी तं ते बटनबी बंद केलं होतं तू.

हेमंत : तुम्हीच म्हटलं होतं.

जयवंता : म्हटलं होतं. मी कधी नाही म्हणते? जामसांवलीले मारुतीपुढं भजन चालू, यायचा सूर भटकून राहिला, गुलाब पेटी वाजवता वाजवता मान खाली घालून बसला, अन् मागं बाया तोंडाले पदर लावून हासून राहिल्या. देवकाबाईनं तं मले विचारलंच, दादारावजीची तब्येत बरी नाही का वं आज. मले धरती फाटली तं बरं असं झालं. म्हणून तुह्यापाशी आली अन् म्हटलं, बाबू, त्यायचा आवाज भोंग्याच्या मशीनवरून जरासा कमी करत जाय. जरासा म्हटलं होतं मी.

हेमंत : जरासा कमी केला तरी कळत होतं मामी. मग अजून केला. मग एका शनिवारी पूर्णच बंद केला, अन् त्या दिवशी भजन असं रंगलं की सगळे डोलायला लागले. मामा उठून मला म्हणतात, आज मशीन मस्त लावली रे तू. तेव्हापासून सौंसर सुटलं अन् जामसांवलीचा रस्ता लागला की परत फिरावंसं वाटते.

दादाराव : काय म्हणून राहिली ती?

हेमंत : (हातानं कपबशीची खूण करत) काही नाही मामा. चहा मांडू का म्हणतात.

दादाराव : मांड म्हणा. भाचा आला हाय, दूध घाल म्हणा त्यात, नुसता काढा नको.

जयवंता : पाहा. असा माणूस. अन् आपण त्याच्या उशापाशी बसून काय बोलून राहिलो.

हेमंत : म्हणूनच म्हणतो, ऐका. मामांचा आवाज गेला नाही. आवाज अजून खणखणीत आहे. त्यांना फक्त पेटी ऐकू येत नाही. ढोलकी अन् टाळ अगदी कानाशी, पेटी त्यात बुडून जाते, अन् भोंगे सगळे लोकांकडं तोंड करून. मग ते अंदाजानं म्हणतात. मी मशीनमधून एक बारीक वायर काढतो अन् तिला ट्रान्झिस्टरचा इअरफोन जोडतो.

जयवंता : मंग तो तसाच लाव ना. हा साचा कशाले?

हेमंत : नुसता इअरफोन कानात ठरत नाही, घाम आला की सटकतो. अन् बाजूनं गोंगाट आत येतो. मामांच्याच कानाच्या मापाचा ठोकळा केला, त्यात इअरफोन बसवला, की बाहेरचं सगळं बंद अन् पेटी आत. मतलब मामा सुरात आले की मी बटन चालू करतो. कोणाला काही सांगायचं कामच नाही.

जयवंता : अन् नाही आले सुरात तं?

हेमंत : येतील.

जयवंता : माह्या तोंडाकडं पाहून म्हण.

हेमंत : मला भीती आहे मामी. पण त्या बंद बटनाची जास्त आहे. मामांनी मला मांडीवर बसवून टाळ धरायला शिकवलं. अन् मी दर शनिवारी त्यांच्यासमोर बसून त्यांचाच गळा दाबतो. आपल्या हातानं.

जयवंता : तुहं तेवढं शनिवारपुरतं. माहं काय? घरी येतानी बैलबंडीत विचारते मले, कसं झालं आज? मी म्हणते, तुमचा आवाज पार सडकेपर्यंत येत होता. एवढा खूश होते माणूस, बैलायलेबी गोड बोलते. अन् मी पदर तोंडावर घेऊन बसते. खोटं बोलून बोलून माह्या जिभेले तीच सवय लागली.

दादाराव : हेमंत, आत गार लागून राहिलं.

हेमंत : झालंच मामा. काढतो. हलू नका. आधी हा निघाला, आता मागून कापसाचा बोळा. पडद्याला लागू नये म्हणून घातला होता. पाहा, हा तुमचा कान आतून.

दादाराव : हा? हे तं वाळलेल्या संत्र्याच्या फोडीवानी दिसून राहिलं. एवढ्याशातून मी सारी उमर ऐकलं?

(पुढच्या आठवड्यात, दादारावांच्या ओसरीवर. पेटी, दोन माईक आणि मशीन मांडलेली. भोंगा अंगणात, संत्र्याच्या बागेकडं तोंड करून.)

दादाराव : हे तं गुलाबी हाय रे.

हेमंत : कवळीचंच सामान आहे मामा. हिरड्या याच्याच बनवतात. दुसरा रंग मिळाला नाही.

दादाराव : मतलब मी मारुतीरायासमोर कानात हिरडी घालून बसू.

जयवंता : दुपट्टा बांधजा कानावरून. कोणाले दिसते.

दादाराव : दिसलं तं दिसू दे. हासतीन आमचे मंडळीवाले, अजून काय करतीन. घाल.

हेमंत : जरा खोबरेल लावतो. असं वरून फिरवून आत. बसलं. दुखते का?

दादाराव : आँ?

हेमंत : आता त्यांना बाहेरचं काहीच ऐकू येत नाही मामी. पेटीच्या माईकातूनच बोलावं लागते. मी बोलताना भोंग्याचा आवाज खाली करतो, अंगणात काही जात नाही. मामा, ऐकू येते का?

दादाराव : अरे बापा. हळू बोल. डोक्याच्या आत बसून बोलल्यावानी येऊन राहिलं.

हेमंत : आता?

दादाराव : आता बरोबर. जयवंता, तू कुंपणापाशी जाय. तिथं मागं बायांत बसते तशी उभी राह्य अन् भोंगा ऐक. मी बोलावलं का मंग येजो सांगाले.

जयवंता : जाते. हेमंत, सांभाळून कर बाबू.

हेमंत : एक नंबरचा माईक पेटीला आहे मामा. दोन नंबरचा तुमच्या तोंडासमोर. पेटी तुम्हीच धरा.

दादाराव : धरली. हेमंत, भाता हालते तेबी ऐकू येऊन राहिलं रे. किती दिवसानं पेटी ऐकली. तुले सांगतो, मी तं गुलाबची बोटं पाहून म्हणत होतो. बोट काळ्यावर गेलं का मी समजून घेवो.

हेमंत : मला कधी सांगितलं नाही तुम्ही.

दादाराव : काय सांगाचं? म्हातारा झालो म्हणून? चाल, म्हणतो आता.

हेमंत : म्हणा.

दादाराव : थांब, थांब. पेटी येते. माहा आवाज काऊन नाही येऊन राहिला?

हेमंत : येईल मामा. पुन्हा एकदा म्हणा.

दादाराव : म्हटलं. नाही आला. नुसती पेटी. माईक खराब हाय का?

हेमंत : माईक बरोबर आहे.

दादाराव : मंग? हेमंत, तुहा हात कुठी हाय?

हेमंत : हात?

दादाराव : त्या बटनावर हाय. दोन नंबरच्या. मी तोंड उघडलं अन् तू ते उलटं फिरवलं. दोन्ही वेळा पाहिलं मी.

हेमंत : मामा, ते सवयीनं गेला हात.

दादाराव : सवयीनं?

हेमंत : हो.

दादाराव : जामसांवलीलेबी फिरवते तू ते. मी सुरू केलं का तुहा हात तिकडं जाते, दर शनिवारी पाहतो मी. मले वाटे, भाचा माहा आवाज वाढवून राहिला. मी हासतबी होतो तुह्याकडं पाहून.

हेमंत : मीही हासत होतो मामा.

दादाराव : कवापासून?

हेमंत : मागच्या आंबिया बहाराच्या आधीपासून.

दादाराव : फूल आलं, फळ धरलं, तोडा झाला, गाड्या भरून संत्रा नागपूरले गेला. अन् तेवढे दिवस मी मुक्यानं गाऊन राहिलो.

हेमंत : मामा, सूर हलत होता. लोक हासायला लागले होते. मला ते पाहवलं नाही. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, पण तोंडच उघडलं नाही माझं. मी चुकलो मामा.

दादाराव : बटन चालू कर.

हेमंत : राहू द्या आज.

दादाराव : चालू कर म्हणतो ना. पण पहिले भोंग्याची वायर काढ. मले एकट्याले ऐकू दे.

हेमंत : काढली. ही पाहा, हातातच आहे माझ्या. आता भोंगा पूर्ण बंद. जे म्हणाल ते फक्त तुमच्या कानात.

दादाराव : पेटी धरतो. आता ऐकू.

हेमंत : घाई करू नका. आरामानं म्हणा.

दादाराव : हा मी हाय?

हेमंत : हो मामा.

दादाराव : पुन्हा म्हणतो.

हेमंत : म्हणा.

दादाराव : नाही बसत रे. पेटी सडकेवरून चालून राहिली अन् मी बाजूच्या नालीतून. दिसून राहिलं का सडक कुठी हाय, पण वर चढता येत नाही. मले वाटे कानच गेले. गळाबी गेला हाय ना.

हेमंत : रोज थोडा सराव केला तर येईल. आता पेटी ऐकू येते तर...

दादाराव : खोटं बोलू नको. कानाच्या आत बसला हाय तू, लगेच समजते.

हेमंत : चुकलो.

दादाराव : गुलाबले माहीत हाय?

हेमंत : हो.

दादाराव : बाकीच्यायले?

हेमंत : मंडळीत सगळ्यांना.

दादाराव : तरी चहा पहिले मलेच देते. भले लोक हायेत. तुह्या मामीले?

हेमंत : मामींना... म्हणजे...

दादाराव : बोल ना. माईक बंद पडला का?

हेमंत : नाही. मामींना नाही माहीत.

दादाराव : बरं हाय. तिले सांगजो नको. ती बिचारी मागं बसते, भोंग्यातून कोणाचा आवाज येते तिले काय कळते. माहाच समजते ती. बंडीत असं सांगते का माणसाले वाटते, अजून दहा वर्ष म्हणावं. तेवढं तिचं मोडू नको.

हेमंत : नाही मोडत. मग शनिवारी काय करू?

दादाराव : मी बसीन तिथंच. टाळ धरीन, तोंडबी हालवीन. तू दोन नंबर बंद ठेव. आता मी सांगून राहिलो म्हणून ठेव. मंग तुह्यावर पाप नाही.

हेमंत : आहेच मामा.

दादाराव : असन तं असू दे थोडं. पेटी तं ऐकवली ना तू मले. हे घालूनच बसीन मी. आता काढ कानातून, अन् बोलाव तिले. तिचं तिच्या तोंडून ऐकतो. जोरात बोल म्हणा.

हेमंत : मामी, या आता.

जयवंता : आली. कुंपणाची बोराटी रुतली पायाले तिथं उभं राहून राहून. झालं का तुमचं?

दादाराव : ऐकू आलं का जयवंता, भोंग्यातून?

जयवंता : आलं तं. चांगलं आलं.

दादाराव : पेटी?

जयवंता : पेटीबी, अन् तिच्यावरून तुमचा आवाज. पार बागेच्या त्या टोकापर्यंत. मी म्हटलं, आता बाजूच्या सावळीचे लोक धावत येते पाहाले, कोण म्हणून राहिलं म्हणून.

दादाराव : शेवटपर्यंत आला?

जयवंता : शेवटपर्यंत. आता आता तं थांबले तुमी. शेवटी शेवटी तं जास्तच चांगला येत होता.

हेमंत : मामी, बसा. पाणी घ्या आधी.

जयवंता : काऊन रे? तोंड काऊन उतरलं तुहं? अन् हातात काय धरून बसला?

हेमंत : भोंग्याची वायर आहे मामी. ही मी मघाच...

दादाराव : राहू दे, हेमंत. तिनं ऐकलं म्हणते, तं ऐकलं असन तिनं.