मागच्या रांगेतला शिंपी

नेत्रालयात परिचारिकेने डोळ्यांत थेंब घातले आणि सगळ्यांना डोळे मिटून बसायला सांगितलं. तपासणीला आलेल्या एक शिक्षिकाबाई गुमान बसल्या. शेजारच्या बाकावर दोन म्हातारे बोलू लागले.

“शिंपीदादा ना? आवाजावरून ओळखलं.”

“मीपण, बँडमास्तर. तुमच्या खोकल्यावरून.”

“चार वर्षं झाली भेटून.”

“साहेबांच्या प्रचारसभेपासून.”

“तुम्ही शिवलेल्या झेंड्याखाली मी राष्ट्रगीत वाजवायचो. काय दिवस होते! ढोलवाला दरवर्षी चुकायचा, तरी सगळं मैदान गायचं.”

“तेव्हा वर्षाला एक झेंडा शिवायचो, मास्तर. आठवडा लावून. आता हजारो शिवतो, कोपऱ्यात साहेबांचा चेहरा लावून.”

“आणि तरी शिवता?”

“पोट आहे ना.”

“साहेब देशासाठीच बोलतात हो.”

“बोलतात की. त्या दिवशी म्हणाले, खरी जनता माझ्यामागे आहे, सीमेपलीकडून आलेल्यांना हाकलून देऊ. तुम्ही टाळ्या वाजवल्यात.”

“सगळेच वाजवत होते. हात आपोआप उठले.”

“माझी आई तिकडचीच. तिच्या हातचं किती वेळा जेवलात तुम्ही!”

“पण तुम्हाला कुणी सांगितलं मी टाळ्या वाजवल्या ते?”

“तुमच्या मागच्याच रांगेत होतो मी.”

बाईंना वाटलं, आता एकजण उठून जाणार. कुणीच उठलं नाही.

“आई कशा आहेत?”

“गेली, मागच्या हिवाळ्यात. शेवटपर्यंत विचारायची, मास्तर का येत नाहीत?”

“मग... काय सांगितलंत?”

“म्हटलं, मोठ्या बँडबरोबर देशोदेशी फिरतायत. फार खूश झाली हो.”