पळून गेलेल्याचं तिकीट लागत नाही

मी, लाँड्रीची मालकीण, वय ५७ वर्षे, धंदा धुलाई व इस्त्री, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन विचारल्यावरून सांगते की,

वरील ठिकाणी मी माझ्या दिरांसोबत राहते. माझे पती हयात नाहीत. दुकान मी चालवते, हिशोब दीर बघतात. लॉजच्या आणि एका दवाखान्याच्या चादरी, टॉवेल, पडदे आमच्याकडे धुवायला येतात. दुकानात दोन परदेशी कामगार आहेत. ते नवराबायको आहेत. तो इस्त्री करतो, ती घड्या घालते. दुकानामागच्या खोलीत राहतात. सहा वर्षे झाली.

त्याला आम्ही सगळे कडक म्हणतो. अंगाने किडकिडीत, आवाज कधी चढवत नाही, पण स्वतःच्या शर्टाला रोज अशी इस्त्री की कॉलरने कागद कापावा. हे नाव दिरांनी ठेवले. परवान्यावरचे नाव वेगळे आहे, ते सोबतच्या प्रतीत आहे.

दोघांच्या कामाच्या परवान्याची मुदत या महिनाअखेर संपते. परवाना नवा करायचा तर माणशी फी मालकाने भरायची असते. वैद्यकीय तपासणी आणि विमा वेगळा, आणि सगळे एकदम. यंदा फी दुप्पट झाली. त्याच सुमारास दवाखान्याने स्वतःचे मशीन घेतले. आता त्यांचे फक्त पडदे येतात. दीर म्हणाले, "वहिनी, या दोघांचा परवाना काढायचा तर आपल्या दोघांना परदेशात कामाला जावं लागेल." मी हसले. ते हसले नाहीत.

कामगारांना मी स्वतः सांगितले. दुकान बंद करून दोघांना समोर बसवले, चहा दिला. मी म्हणाले, "एकाचंच जमतंय. कोणाचं ते तुम्ही ठरवा."

ती म्हणाली, "याला ठेवा."

तो म्हणाला, "हिला ठेवा."

दोघे माझ्याकडे बघून बोलत होते, एकमेकांकडे बघत नव्हते. त्यांची मुलगी तिकडे त्याच्या आईजवळ आहे, शाळेत जाते. इकडे येण्यासाठी दलालाला द्यायला काढलेले कर्ज अजून फिटलेले नाही, म्हणून एकाने तरी राहणे भाग होते. शेवटी तो म्हणाला, "इस्त्री काय, ताईसुद्धा करतील. हिच्यासारखी घडी कोण घालणार?" ती चहा तसाच ठेवून मागे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला बरोबर घेऊन परवाना कार्यालयात गेले. तिथले कारकून म्हणाले की ज्याला कमी करायचे त्याला त्याच्या देशात पोचवण्याचा खर्च मालकाचा. तो गेल्याचा दाखला आल्याशिवाय दुसरीची फाईल हलणार नाही. तिकिटाचा आकडा ऐकून मी खुर्ची ओढून बसले. तिची फी आणि याचे तिकीट, दोन्ही माझ्याच्याने होणार नव्हते. म्हणजे तिची फाईल अडून तिचाही परवाना जाणार होता. मी विचारले, "काहीच सवलत नाही का हो?"

मागे रांग होती. कारकून वैतागून म्हणाले, "माणूस पळून गेला आणि तुम्ही लगेच पोलिसात तक्रार दिलीत, तर तिकीट लागत नाही. बाकी सगळ्यांना लागतं." हे त्यांनी सुचवले असे माझे म्हणणे नाही. कडक माझ्या शेजारीच उभा होता.

परत येताना बसमध्ये तो म्हणाला, "ताई, मेलेल्याचं लागतं का तिकीट?"

मला माहीत नव्हते. तरी मी म्हणाले, "लागतं. त्याचं तर दुप्पट लागतं."

तो म्हणाला, "सहज विचारलं."

त्या रात्री मी दोनदा खाली जाऊन त्यांच्या खोलीत दिवा आहे का ते पाहिले. दोघांचे बोलणे ऐकू येत होते, म्हणून वर आले. त्यांच्या भाषेत बोलत होते, मला कळले नाही.

सकाळी दुकान उघडायला उतरले तेव्हा लॉजचे सगळे कपडे इस्त्री होऊन रचलेले होते. दवाखान्याचे पडदेही झालेले होते, ते त्या दिवशी द्यायचे नव्हते. ती टेबलाशी घड्या घालत होती. मी विचारले, "कडक कुठे गेला?"

"गेला."

"कुठे?"

"मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला माहीत झालं असतं."

हे तिने घडी घालता घालता सांगितले. त्याचा पासपोर्ट टेबलाच्या खणात ठेवलेला होता. ती म्हणाली, "ताई, आज पोलिसात जा. लगेच म्हणाले होते ना ऑफिसातले साहेब?"

मी त्या दिवशी आले नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही आले नाही. उशीर का केला, असे आपण विचारले. तो परत येईल असे वाटले. दीर बसस्टँडवर आणि मजूर उभे राहतात त्या नाक्यावर बघून आले. ते घरी आले आणि स्वतः इस्त्रीला उभे राहिले. लॉजची चादर जाळली. आयुष्यात त्यांनी इस्त्री धरलेली नव्हती. आज सकाळी कडकची बायको स्वतः चपला घालून दारात उभी राहिली, तेव्हा मी निघाले.

वर्णन विचारल्यावरून सांगते : उंची मध्यम, रंग सावळा, उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. कपड्यांबाबत मला सांगता आले नाही, म्हणून बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोला विचारले. तिने सांगितले की निळा शर्ट, चुरगळलेला. त्याने तो पाण्यात बुचकळून, पिळून, तसाच वाळवून घातला. कडक कॉलर दिसली की लोक ओळखतील, असे तो म्हणाला होता.

आपण मला समजावून सांगितले की नोंद झाल्यावर तो सापडला तर त्याला कोठडी होईल, नंतर रवानगी, आणि पुन्हा या देशात येता येणार नाही. तसेच तो बायकोला भेटायला आला आणि आम्ही कळवले नाही, तर तिचा परवाना रद्द होईल. हे मी बाकावर जाऊन तिला सांगितले. ती म्हणाली, "तो येणार नाही, ताई. हे त्याला माहीत आहे."

मी प्रथम 'तक्रार नाही, फक्त खबर देते' असे लिहायला सांगितले होते. त्यावर आपण म्हणालात की तक्रार नसेल तर तो बेपत्ता धरला जाईल, पळालेला नाही, आणि तिकिटाची जबाबदारी माझ्याकडेच राहील. सहा वर्षांत त्याने कशालाही हात लावला नाही, एक खाडा केला नाही, हे लिहा अशी मी विनंती केली. ते या कामाला लागत नाही असे आपण म्हणालात, तरी लिहून घेतलेत. मी तक्रारीचे काही बोलत नाही असे पाहून ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "ताई, लिहा ना."

तरी सदर इसम मला न सांगता, माझ्या परवानगीशिवाय काम सोडून पळून गेला आहे. माझी त्याच्याविरुद्ध कायदेशीर तक्रार आहे.

जबाब मला वाचून दाखवला. शेवटचे वाक्य मी पुन्हा एकदा वाचायला लावले. मी सांगितले तसेच ते लिहिले आहे.