अकरा वीसची नोंद

आई : चालू नको करूस तो कॉम्प्युटर. भंगारवाला चारला येतोय, त्याला मी सगळं एकत्र सांगितलंय. मॉनिटर, डबे, वायरी, जे असेल ते.

मुलगी : बाबांना जाऊन महिनाही झाला नाही, आई.

आई : म्हणूनच. वीस वर्षं या पंख्यांची घरघर ऐकली. माणूस कमी बोलायचा आणि डबे जास्त. आता खोली मोकळी झाली की मीही जरा मोकळी होईन.

मुलगी : बाकीचे दे. हा एक मला हवाय. यात बाबांचा प्रोग्राम आहे, मूळ तारखांसकट. कारखानेवाल्यांच्या वकीलबाईंनी मागितलाय. उद्या अकराला नेऊन द्यायचाय.

आई : कारखानेवाल्यांच्या? तू कधीपासून त्यांच्या बाजूची झालीस? पगार तर तुझ्या काकाच्या कंपनीचा खातेस.

मुलगी : खात होते. सोमवारी राजीनामा दिला.

आई : आता दिलास. माणूस गेल्यावर.

मुलगी : हो, आता दिला. बोलून घे काय बोलायचं ते.

आई : मी कशाला बोलू? मला एवढंच कळू दे, या जुनाट डब्यात वकीलबाईंना काय सापडणार आहे?

मुलगी : पेटंट नव्या गोष्टीला मिळतं, आई. धागा तुटायच्या आधी त्याचा ताण ओळखायचा आणि यंत्राचा वेग कमी करायचा, ही युक्ती आपल्याला सुचली असं काकांनी अर्जात लिहिलंय. त्याच्या दोन वर्षं आधीपासून बाबांनी तीच युक्ती एकतीस मोजे-कारखान्यांत बसवली होती, एक पैसा न घेता. हे सिद्ध झालं की पेटंट उडालं. मग कंपनीला कोणाची यंत्रं बंद पाडता येणार नाहीत.

आई : एक पैसा न घेता. लोकांनी टाकलेले डबे उचलून आणायचे, साफ करायचे, आणि तेही वाटून टाकायचे. मी म्हटलं, एखादा नवा तरी घ्या. तर म्हणायचे, कॉम्प्युटर म्हातारा होत नाही, नवी सिस्टीम त्याच्या पाठीवर दुप्पट ओझं टाकते आणि वर म्हणते, हा म्हातारा झाला. जेवतानासुद्धा हेच. सिस्टीम उघडी हवी, जिच्या आत डोकावता येत नाही तिचे आपण मालक नसतो, भाडेकरू असतो.

मुलगी : खोटं होतं का ते?

आई : खरं होतं. खऱ्याबरोबर संसार करून बघ एकदा.

मुलगी : नोटिसा आल्या तेव्हा काय झालं, मला कोणी नीट सांगितलंच नाही. बाबा फोन उचलत नव्हते. तुला विचारलं की तू म्हणायचीस, कामात आहेत.

आई : काम कुठलं उरलं होतं? कंपनीने सगळ्या कारखान्यांना कळवलं, हा प्रोग्राम काढा, नाहीतर आमचा परवाना घ्या. पुढे त्यांनी विकलेल्या नव्या यंत्रांत सोयच तशी करून टाकली. सकाळी बटण दाबलं की यंत्र आधी कंपनीला विचारणार, या माणसाने परवाना घेतलाय का. नाही म्हटलं की सुई जागची हलत नसे. लोकांना वाटलं, यांनीच भावाला विकलं. आडनाव एकच, मग दुसरं काय वाटणार? हे निघाले समजावायला. कारखाने काही लांब नव्हते, चालतच गेले. पहिल्या ठिकाणी मालकाने बसायला खुर्ची दिली नाही. दुसरीकडे ती बाई, जिच्या यंत्रांसाठी यांनी तीन दिवस उपाशीतापाशी काढले होते, तिने सगळ्या कामगारांसमोर सांगितलं, तुमच्या फुकटाची किंमत आता कळली आम्हाला. तिसरीकडे फाटकावरूनच परत. घरी आले, पाय धुतले, पुसलेसुद्धा नाहीत. तसेच ओल्या पायांनी उभे राहून मला म्हणाले, मी चोरासारखा दिसतो का गं?

मुलगी : तू काय म्हणालीस?

आई : मी म्हटलं, चोर हुशार असतात.

मुलगी : आई.

आई : निघून गेलं तोंडातून. दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या ऑफिसात गेले. सख्ख्या भावाला भेटायला गळ्यात पाहुण्याची चिठ्ठी अडकवून घेतली. पाच तास खाली बसवून ठेवलं. शेवटी रखवालदाराला दया आली, तो म्हणाला, काका, साहेब मागच्या दाराने केव्हाच गेले.

मुलगी : मला माहीत आहे.

आई : तुला कोणी सांगितलं?

मुलगी : मी वरून बघितलं होतं. तिसऱ्या मजल्याच्या काचेतून. तो निळा शर्ट घातला होता, कोपर विरलेला.

आई : आणि खाली उतरली नाहीस.

मुलगी : मीटिंग होती.

आई : पाच तास?

मुलगी : नाही. पाच तास नव्हती.

आई : बरं झालं सांगितलंस. मला वाटत होतं, या घरात मी एकटीच आहे तसली.

मुलगी : तसली म्हणजे?

आई : काही नाही. बंद कर आता ते, डोळे दुखतील.

मुलगी : थांब जरा. हे बघ, ही सिस्टीमची नोंदवही. कोण आत आलं, काय उघडलं, काय बाहेर नेलं, मशीन सगळं आपणहून लिहून ठेवतं. इथे कोणीतरी पेनड्राइव्ह लावलाय. मूळ प्रोग्रामचं अख्खं फोल्डर कॉपी केलंय. कारखान्यांना बाबांनी नुसता चालणारा प्रोग्राम दिला होता, तो आतून कसा लिहिलाय तेही ते वाटणारच होते, पण तेव्हा ते फक्त इथेच होतं. आणि हे काकांच्या अर्जाच्या बरोबर पाच आठवडे आधी.

आई : असेल.

मुलगी : आत शिरलेल्याचं नाव माझं आहे.

आई : बंद कर म्हटलं ना.

मुलगी : तुला नवल नाही वाटलं. आई, माझ्याकडे बघ. बाबांनी ही नोंद बघितली होती?

आई : छापून घेतली होती. शर्टाच्या खिशात ठेवायचे. धुवायच्या आधी मी काढून ठेवायची, वाळला की परत घालायचे.

मुलगी : म्हणून फोन उचलत नव्हते. तीन वर्षं. मी वाढदिवसाला केला, आजारी असताना केला. मला वाटायचं, काकांच्या कंपनीत नोकरी धरली याचा राग आहे, जाईल हळूहळू. त्यांना वाटत होतं, मी चोरून नेऊन दिलं.

आई : नोकरीच्या बदल्यात.

मुलगी : पण वेळ लिहिलीय ना इथे. चौदा तारीख, सकाळचे अकरा वीस. चौदाला माझी मुलाखत होती. मी घरातून आठला निघाले. अकरा वीसला मी काकांच्या कंपनीत पाच माणसांसमोर घाम पुसत बसले होते. आणि हे बाहेरून नेटवरून कोणी केलेलं नाही, याच खोलीत, याच कीबोर्डवर बसून केलंय. बाबा कुठे होते?

आई : कारखान्यात. यंत्र अडलं होतं कोणाचं तरी.

मुलगी : मग घरात कोण होतं?

(आई उठून खिडकीशी जाते आणि पाठमोरी उभी राहूनच बोलते.)

आई : तूच शिकवलं होतंस मला, तुझ्या नावाने आत जायचं आणि फोटो बघायचे. माझा पासवर्ड मी विसरायची, तुझा लक्षात राहायचा. बाकीचं भाऊजींनी फोनवर सांगितलं, हे दाबा, ते दाबा, आता थांबा. दहा मिनिटांत झालं. दुपारी त्यांचा ड्रायव्हर येऊन घेऊन गेला. पेनड्राइव्ह कागदात गुंडाळून दिला मी, वर दोरा बांधून.

मुलगी : का?

आई : भाऊजी म्हणाले, वहिनी, दादा सगळं लोकांत वाटून टाकणार. उद्या दुसरीच कुठली तरी कंपनी उचलून नेईल आणि आपण बघत बसू. त्यापेक्षा आपणच पेटंट घेऊ. पहिलं नाव दादाचं, दुसरं माझं. मला वाटलं, आयुष्यात एकदा तरी यांचं नाव छापील कागदावर येईल. आपणहून ते कधीच आलं नसतं. आणि शेवटी म्हणाले, पोरीची मुलाखत आहे ना चौदाला? काळजी करू नका, घरातलीच आहे.

मुलगी : म्हणजे ती नोकरी मला...

आई : तू हुशार आहेसच. पण हुशार मुली त्या दिवशी साठ-सत्तर आल्या होत्या.

मुलगी : आणि बाबांचं नाव?

आई : कुठे आलं? एकट्या भाऊजींचं आलं. मी विचारलं तर म्हणाले, कंपनीचा नियम आहे, बाहेरच्या माणसाचं नाव घालता येत नाही. एका आईच्या पोटचा भाऊ, आणि बाहेरचा.

मुलगी : मग तेव्हा तरी सांगायचं होतंस बाबांना. ही नोंद घेऊन ते तुझ्याकडे आले असतीलच.

आई : आले ना. कागद समोर ठेवला. भाजी चिरत होते मी. म्हणाले, मुलाखतीच्या दिवशी ती घरातून किती वाजता निघाली? एवढंच विचारलं. तुझं नावसुद्धा घेतलं नाही.

मुलगी : तू काय सांगितलंस?

आई : दुपारी.

मुलगी : मी आठला निघाले होते. माझ्यामागे दार तू लावलं होतंस.

आई : हो.

मुलगी : एवढा एक शब्द तुला खरा सांगता आला नाही?

आई : आला असता. मी हिशेब केला. तू लांब राहतेस, तुझ्यावरचा राग फोनवर राहील. माझ्यावरचा राग रोज माझ्या ताटात बसला असता. तू तरुण आहेस, तुला नोकरी आहे, मैत्रिणी आहेत. मला या तीन खोल्या आणि हा माणूस. मला वाटलं, चार-सहा महिन्यांत निवळेल. बापाचा मुलीवर किती दिवस राग राहतो? पण यांचा राहिला. नंतर जितके दिवस जात गेले तितकं सांगणं अवघड होत गेलं. पुढेपुढे तर मलाच वाटायला लागलं, तू दुपारीच निघाली होतीस.

मुलगी : दवाखान्यात मी दारापर्यंत आले होते, तूच म्हणालीस आत नको येऊस, त्यांना त्रास होईल.

आई : तुला बघून काही बोलले असते तर? तू वेळ सांगितली असतीस.

मुलगी : मी बाहेरच्या बाकावर दोन तास बसले.

आई : माहीत आहे. तू गेल्यावर त्याच बाकावर मी बसले. ऐक आता, सगळंच सांगते. पुन्हा धीर होणार नाही. त्या संध्याकाळी मला म्हणाले, तिला फोन कर आणि विचार, का केलंस. नुसतं विचार, रागावू नकोस. मी फोन घेऊन बाहेर आले. पाचेक मिनिटं बसले. फोन केलाच नाही. आत जाऊन सांगितलं, रडत होती, म्हणाली चुकलं माझं, मला माफ करा. मग म्हणाले, तिला सांग, केलं माफ. लहान होती ती. कितीतरी महिन्यांनी शांत झोपले त्या दिवशी. दोन दिवसांनी गेले.

मुलगी : मी सव्वीस वर्षांची होते.

आई : त्यांना लहानच.

मुलगी : म्हणजे मी न केलेल्या गोष्टीची माफी तू मागितलीस, त्यांनी ती देऊन टाकली, आणि हा निरोप तू मला आज देतेस. तोही मी नोंद उघडली म्हणून.

आई : नाहीतर चारला सगळं गेलंच असतं.

मुलगी : उद्या अकराला तू माझ्याबरोबर येणार आहेस. हे सगळं वकीलबाईंसमोर सांगायचं, लिहून द्यायचं आणि खाली सही करायची.

आई : वेड लागलंय तुला? भाऊजी तुरुंगात जातील. चारचौघांत माझी काय शोभा होईल? त्याच वस्तीत मला भाजी आणायला जायचंय, त्याच लोकांसमोरून. या वयात.

मुलगी : होईल तुझी शोभा. बाबा त्याच रस्त्याने तीन कारखान्यांत पायी गेले होते.

आई : सही केली नाही तर?

मुलगी : तर नोंद मी एकटी दाखवीन. माझं नाव, माझी मुलाखत, आणि त्या दिवशी घरात कोण होतं ते. विचारायला वकील तुझ्याकडे येतीलच. तेव्हा मी शेजारी बसलेली नसेन.

आई : तू कोणावर गेलीस, कळत नाही. ते असे नव्हते.

मुलगी : नाही. ते असे नव्हते.

आई : येईन. दहाला तयार राहते. वरची वायर काढ आधी, मग डबा ओढ, नाहीतर सगळंच खाली येईल.

मुलगी : काढली. आई, एक सांग. तू हे सगळं केलंस ते त्यांनी तुझ्याशी नीट राहावं म्हणून ना? मग या तीन वर्षांत तुझ्याशी तरी बोलायचे का ते?

आई : बोलायचे ना. तुझ्याबद्दल.