दिवे लागल्यावर न घ्यायचं नाव

नको, नको मामा — पाया कसले पडता, उठा बघू. लोक बघतायत. बसा इथं बाकावर. हा उंडा पाव घ्या, सकाळी पाववाला पोदेर आला होता तेव्हाचा आहे, कडक झालाय, पण चहात बुडवला की लागतो मऊ. पेडण्याच्या साइटवरून निघालात तसे आलात, पोटात काही नसणार तुमच्या. तुमची राणी बरी आहे. म्हणजे — डॉक्टरांनी आत्ता तुमच्यासमोरच सांगितलं ना, औषध चढवलंय, सूज कोपराच्या वर गेलेली नाही, आजची रात्र नजरेखाली ठेवायची. तुमच्या शेजारच्या नंदामावशी बसल्यात तिच्याजवळ, एकालाच सोडतात आत. तुम्ही खा. आणि देवमाणूस बिवमाणूस म्हणू नका मला. स्कूटर होती, पोरीला मध्ये घेतलं, मावशींना मागे, आणि आणलं. कोणीही आणलं असतं.

काय म्हणता? गडहिंग्लजला? आजीकडे? — आणि शाळा? नाही, रागावलाय तुम्ही, समजतं मला, पण ‘शाळा पुरे, फोन पुरे, दिसत नाही ते नाहीच, वर आणि हात घालत फिरते’ — असं नका बोलू तिला. आणि थापा नाही मारत ती. फोन ‘जनावर’ म्हणाला, असं सांगते ना? म्हणालाच होता. मला कसं ठाऊक? — होतो ना मी तिथं. तुमच्या खोल्यांच्या मागे चिऱ्यांचा ढीग आहे, तिथंच.

तो फोन काय आहे हे तुम्हाला कोणी धड सांगितलंच नसेल. पणजीला एक ऑफिस आहे, तिथल्या अर्चना मॅडम — मूळच्या फोंड्याच्या — त्यांनी केलंय ते. विज्ञानाच्या पुस्तकात पानोपानी लिहिलेलं असतं, ‘चित्र पाहा’. ज्याला डोळ्यांनी धूसर दिसतं त्यानं काय पाहायचं? बाकीची भुरगी, म्हणजे पोरं, बेडकाचा पाय बघतात, हिनं नुसतं ऐकायचं की बेडकाला पाय असतो. तर मॅडमनी काय केलं — फोन वस्तूसमोर धरायचा, तो फोटो काढतो, आपल्याकडच्या हजारो फोटोंशी ताडून बघतो आणि नाव बोलतो. बटण शोधायची भानगड नाही, अख्खी काचच बटण. दोनदा थोपटलं की पुढची माहिती. आणि वस्तू बरोबर समोर आली की फोन हातात थरथरतो — ते तुमच्या राणीनं सांगितलं म्हणून झालं, हां! आधी घंटी वाजायची. ही म्हणाली, ‘घंटीनं चिमणी उडून जाते, मग फोन म्हणतो भिंत.’ सगळे हसले, आणि मॅडमनी त्याच आठवड्यात घंटी काढली. लाजाळूचं तर काय — हात लावला की मिटतं, मिटलं की फोनला ओळखू येत नाही. तर म्हणते, ‘फोनपण लाजतो.’ अशी पोर आहे तुमची. तिला तुम्ही आजीच्या माजघरात बसवणार?

आवाज? फोनमध्ये कोण बोलतं? — बोलतं कुणीतरी. रेकॉर्ड केलेलं असतं ते. चहा गार होतोय तुमचा.

मी डिचोलीत माझ्या सख्ख्या मामाच्या दुकानात असतो, माईक-स्पीकर भाड्यानं देतो आम्ही, जत्रेला, नाटकाला. शाळा आठवीत सोडली. माणसं समोर असली की माझी जीभ वळत नाही — आज बोलतोय हेच नवल — पण बंद खोलीत नुसता माईक असला की बोलतो बरा. मॅडमनी जत्रेतली सूचना ऐकली आणि दुकानात आल्या, म्हणाल्या, हाच आवाज हवा, सावकाश आहे, साधा आहे. त्यांच्या ऑफिसात शिकलेली माणसं भरलीत, आणि मला ‘तुम्ही’ म्हणत होत्या. तर — हो. मीच बोलतो त्यात. सगळी नावं माझ्याच आवाजात आहेत.

थांबा, पुढचं ऐका. दिवसा आमच्या रस्त्यावर खनिजाचे ट्रक, रेकॉर्डिंग व्हायचं नाही. म्हणून तिन्हीसांजेला बसायचो. बाहेर आवय, माझी आई, तुळशीपुढे दिवा लावायची, आणि आत मी एकेक नाव घ्यायचो — सुगरण, सरडा, गांडूळ. आणि मग ते नाव आलं. आमच्याकडे, मामा, दिवे लागले की ते नाव घेत नाहीत. घेतलं की येतं म्हणतात. लहानपणी एकदा घेतलं तर आवयनं तोंडावर मारलं होतं. म्हणजे माझा विश्वास आहे असं नाही — पण ओठच उघडेनात. मग आम्ही सगळे म्हणतो तेच म्हणालो. ‘जनावर.’ मॅडमनी ऐकलं आणि हसल्या, म्हणाल्या, आमची आजीपण असंच म्हणायची, राहू दे, भुरग्यांना घरचा शब्द कळेल. आणि कळला की! शाळेतली गौरवी, साईश — ‘जनावर’ ऐकलं की टुणकन मागे. आमच्या गावात जनावर म्हणजे तेच, लांबडं. पण तुमच्याकडे —

हो. गुरं. तुमच्याकडे गाय जनावर, म्हैस जनावर. आता कळलं ना? शेजारच्या गुरुदासाचं तांबूस वासरू रोज त्या चिऱ्यांच्या सावलीला बसतं, राणी त्याला भाकरी घालते. आज तिला तिथं काहीतरी तांबूस दिसलं, तिनं फोन धरला, फोन थरथरला आणि म्हणाला, ‘जनावर.’ शहाणी पोर, विचारून मग पुढे गेली! मी तिथंच उभा होतो, फोन नीट चालतात का बघायला आलो होतो. माझाच आवाज माझ्या कानावर आला — आणि मी मागे सरलो, मामा. सवयीनं. मी मागे सरलो आणि ती हात पुढे करून गेली.

अजाणता झालं, असं म्हणू नका. तसं म्हणालात तर मला — अजाणता नाही. मला ठाऊक होतं. गणपतीच्या आधी शाळेत चित्रांवर फोन धरून बघत होते सगळे, तेव्हा त्या लांबड्याच्या चित्रावर ‘जनावर’ झालं आणि ही खदखदून हसली, म्हणाली, ‘ह्याला गाय म्हणतो, फोन आंधळा आहे.’ सगळ्यांना ती गंमत वाटली. मला नाही वाटली. मला तिथंच कळलं, हिच्या कानात शब्द दुसराच पडतोय. मॅडमना सांगायचं, पुन्हा एकदा ते नाव बोलायचं, एवढंच काम. रोज ठरवायचो. पण त्यांनी आदल्याच दिवशी चारचौघांत माझं कौतुक केलेलं — म्हटलं, चूक सांगितली की म्हणतील, आठवीतला तो आठवीतलाच. ऑफिसातली माणसं हसतील. म्हणून गप्प बसलो.

आणि आज स्कूटरवर — तिचं डोकं माझ्या पाठीला टेकलेलं, ती विचारत होती, ‘काका, तुम्ही कोण? काय चावलं मला? बोला ना.’ सारखी विचारत होती. मी एक शब्द बोललो नाही. तोंड उघडलं की ओळखेल, हा तर फोनमधला. ते मला — ते सगळ्यात —

तर तिला नका बोलू. शिक्षा काय करायची ती मला करा. ती विचारून गेली होती. चुकीचं उत्तर मी दिलं.

मामा? शिव्या द्या हवं तर.

काय, सिस्टर? — आम्हीच, राणीचे. बाहेर फोन कोणी लावलाय, असं ती विचारते? फोन तर ह्यांच्या खिशात आहे, बंद. ... तिला आत पाहिजे तो? त्याला काहीतरी विचारायचंय?

नको मामा, तुम्ही जा. तुम्ही बाप आहात. हात सोडा ना माझा. — बरं. येतो. सिस्टर, दोघं चालतील ना आत? — ओढू नका, येतो.

राणी. ... हो, मीच. नाही बाय, फोन नाही, माणूसच आहे. दुपारी स्कूटरवर होतो तोच. हो, गप्प बसलेला. ... काय चावलं? थांब, सांगतो. बाहेर दिवे लागलेत म्हणून जरा — थांब.

साप. साप होता तो, राणी. साप.

... मामा, रडू नका, तिला कळतं. ... काय गं? माझ्या हातावर काय करतेस? एकदा — दोनदा —

हां. पुढचं.