पाइप मीच बसवला

गाड्यांच्या तपासणी खात्याचे साहेब, आवाज मोजायच्या खिडकीला कुलूप लावून तुम्ही जेवायला गेलात आणि आम्हाला रांगेत उन्हात भाजत ठेवलंत. मग पुढच्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकण्यावाचून आमच्यापुढे काय उरलं?

"अगं, एक्झॉस्टचा पाइप मीच बसवलाय. घरी, एकट्यानं."

"एकट्यानं? गाडीखाली अडकलात तेव्हा पाय धरून कुणी ओढलं?"

"बोल्ट गंजला होता. माझी अक्कलही गंजली होती म्हण. पण इंजिनाचा टर्बो आता मोकळा श्वास घेतोय."

"आणि नात झोपेतून दचकून काळीनिळी होईस्तोवर रडतेय!"

"मला वाघाची डरकाळी हवी होती गं. फुटका डबा वाजतोय, अन् वाजवणारा मीच."

"लेक काय म्हणाली, ऐकलंत ना? हा आवाज असेपर्यंत बाळाला घेऊन आपल्या घरी येणार नाही."

"म्हणून तर आलोय. इथं पास झालो, की सांगेन तिला, आवाज नियमात बसतो."

"आठ महिन्यांच्या पोरीला नियम दाखवणार?"

"तसं नाही गं..."

"अहो, तो खिडकीवाला पास करो नाहीतर नापास. मला आत्ता सांगा, पाइप हवाय की नात?"