लॅपटॉपच्या आतला लॅपटॉप

नाही, पण मी म्हणतो, अख्खा लॅपटॉप दुसऱ्या लॅपटॉपच्या आत जातोच कसा? डब्यात डबा जातो, मान्य, पण आतला डबा लहान असावा लागतो की नाही? तर हा म्हणतो, "काका, लहानमोठ्याचा प्रश्नच नाही, आतल्याला बॉडीच नसते." बॉडी नाही आणि तरी चालतो! हे मला, भर दुपारी, माझ्याच स्वयंपाकघरात बसून, माझाच चहा पीत सांगतो! मला सांगा, संशय घेऊ नको तर काय करू?

हा म्हणजे उपेंद्र. इथे परदेशात, ओंगारमध्ये, आमच्यापासून तीन घरं सोडून राहतो. मूळचा नागपूरचा, आयटीतला. मुलगा चांगला आहे. चांगला आहे म्हणून तर जास्त लक्ष ठेवावं लागतं... आणि तुम्हाला सांगतो, लॅपटॉप माझा नव्हताच. आमच्या हिचा, वृंदाचा. ती मागच्या वर्षी गेली, लॅपटॉप राहिला. मी तो प्रेसमध्ये ठेवून दिला, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि वर्षभर उघडला नाही. परवा काढतो तर काय, फुगलेला! झाकण लागेना. उपेंद्र दोन पावलं मागे सरून ओरडला, "काका, बॅटरी फुगलीय, आग लागेल! आजच्या आज देऊन टाका!"

देऊन टाका! आणि आतलं? आत तिची नाटुकली. मंडळाच्या गणपतीत पोरांसाठी दरवर्षी एक लिहायची, तीही कुठल्याशा जुन्या मराठी फॉन्टमध्ये. नव्या लॅपटॉपवर उघडली, की अक्षरांच्या जागी नुसत्या मुंग्या! तर हा म्हणतो, "नुसत्या फायली नकोत. काकूंचं सगळं विंडोजच उचलून तुमच्या नव्या लॅपटॉपात ठेवू. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. जसंच्या तसं."

जसंच्या तसं. शब्द लक्षात ठेवा.

स्क्रू काढले, पाठ उघडली. "काका... आत तांदूळ आहेत!" असणारच! दर दसऱ्याला ती त्याची पूजा करायची. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू नाही मिळाला तर सुपरमार्केटातलं दिसेल ते पिवळं फूल. मी म्हणायचो, "अगं, यंत्र आहे ते!" ती म्हणायची, "म्हणूनच!" आता यावर काय बोलणार?

मग त्यानं आतली डिस्क काढून नव्या लॅपटॉपला वायरनं जोडली, पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली, आम्ही तीनदा चहा प्यायलो, आणि शेवटी हा म्हणतो, "झालं! ग्रँड!" इथे 'छान, उत्तम' याला ग्रँड म्हणतात, आणि कुणी ग्रँड म्हटलं, की मी सावध होतो. छप्पर दुरुस्त करणाराही ग्रँडच म्हणाला होता, तेव्हापासून जिन्यात बादली आहे.

बघतो तर नव्या लॅपटॉपात एक खिडकी, खिडकीत तिचा जुना पडदा, तेच गणपतीचं चित्र, तीच नाटुकली. मी म्हटलं, चित्र काय, कुणीही लावेल. फायली काय, कुणीही उतरवून घेईल.
"जसंच्या तसं म्हणालास ना? मग तांदूळ कुठायत?"
"काका, तांदूळ कसे येतील?"
"म्हणजे काही गोष्टी येत नाहीत."
त्यानं कप खाली ठेवला. "काही नाही येत, काका."

आणि तेवढ्यात, टिंग! खिडकीत एक चौकट. "अहो, उठा. चार वाजले. चालून आल्याशिवाय चहा नाही." खाली बटण एकच: "बरं."

तुम्हाला सांगतो, डॉक्टरांनी माझी शुगर वाढल्याचं सांगितलं तेव्हापासून मी तिच्या लॅपटॉपवर पत्ते खेळायला बसलो, की ही चौकट यायची! तिला विचारलं तर म्हणायची, "मला काय माहीत? कॉम्प्युटर स्वतःच म्हणतो." मी उपेंद्रकडे बघितलं. तो रिकाम्या कपात काहीतरी शोधत होता.
"उपेंद्र, हे कुणी केलं?"
"काकूंनी. म्हणजे... वाक्य त्यांचं. बटण माझं."
बघा! बघा! म्हणजे दोघांचं संगनमत! आणि मला म्हणायचे, तुमचा स्वभावच संशयी!
"दुसरं बटण घाल. 'नको' म्हणायचं."
"नाही जमणार. काकूंनी बजावलंय, काका कितीही मागे लागले तरी दुसरं बटण नाही."
"अरे, पण ती आता..."

चौकट हलायला तयार नाही.

दाबलं. बरं.

तांदूळ वाटीत काढून घेतले, फुगलेला लॅपटॉप पिशवीत घातला आणि निघालो जुनी यंत्रं घेणाऱ्या दुकानात, पावसातच, इथे दुसरं असतं काय? दुकानातला बाबा झाकणावरचं कुंकू बघून दचकला. "इज दॅट ब्लड?" म्हटलं, "नो, नो, पूजा." म्हणाला, "यू आर ग्रँड." आणि त्यानं तो आत नेला. मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. मग चालत आलो.

चालून आलो, म्हणजे चहा मिळायला हरकत नव्हती. मीच टाकला. साखरेचा डबा उघडला आणि हात तिथेच थांबला, आधी लॅपटॉपातल्या तिच्या खिडकीकडे बघितलं. काही आलं नाही. टिंग नाही, चौकट नाही. तरी झाकण लावून टाकलं. त्या दोघांनी आत आणखी काय काय करून ठेवलंय, कुणाला ठाऊक? मला सांगा, संशय घेऊ नको तर काय करू?