एक मूठ चिखल

आता मुठीभर चिखलासाठी का मी बायायच्या पाया पडू? सांगा ना तुमीच! आमच्या आसगावात धानाचा रोवणा सरला का शेवटच्या दिवशी बाया मालकाले धरतेत, धानाच्या बांधीत, भरल्या चिखलात लोळवतेत, केसापासून टाचेपर्यंत माखवतेत, मंग त्यानं सगळ्यायले चहा-भजे द्याचे, अशी रीतच हाय, अन् माहा नवरा चिंधू होता तवा त त्याले दोनदा लोळवत, अन् हा आपला नाकातोंडात चिखल घेऊन खी खी हासे... मले मात्र, तुमाले सांगते, येवढ्या वर्षात कोणी बोटभर चिखल लावला नाई. काहून? हुशार ना मी! मालनबाई हुशार!

चिंधूले अक्कल बेताचीच, लपवून काय करू? पवनीच्या बाजारात मिरच्या आणाले पाठवला त बकरीचं पिल्लू घेऊन आला! म्हणे, 'ते माह्याकडे पाहून राहिलं होतं वं!' अख्खं गाव त्याच्यावर जीव टाके. औंदाच्या उन्हाळ्यात गेला त बाया ऊर बडवून रडल्या. अन् मले? 'तुमाले काय समजवाचं बाई, तुमाले त सगळंच समजते.' अवं, नाई समजलं ना मले! कोणीतरी पोटाशी धरावं असं वाटून राहिलं होतं... पण हुशार बाईले कोण पोटाशी धरते?

अन् माही जुनी मैतरीण रुखमा, तिचं ऐका. पायाच्या आंगठ्याले जखम, आंगात साखर, अन् हे मोबाइलवर पाहून पाला बांधून राहिली. मी म्हटलं, 'रुखमा, सडन ते, दवाखान्यात जाय.' नाई गेली. आंगठा कापला! मी खरी ठरली ना? त तवापासून माह्याशीच बोलणं बंद! मी खोटी ठरली असती त दोघी मिळून हासलो असतो.

त काल रोवणा सरला. चिंधूबिगर पयला. आता मालकीण मीच, नाई का? मुद्दाम जुनं लुगडं नेसली, भज्याचं पीठ भिजवून ठेवलं, बांधीत अगदी मधात जाऊन उभी राहिली. बाया एकमेकीवर तुटून पडल्या, किंचाळून राहिल्या... अन् रुखमा, लंगडत लंगडत, हातात चिखल घेऊन माह्याकडेच आली हो!  म्हणे, 'लावू का बाई?' आता नुसतं 'लाव' म्हणाचं ना? पण हे मेलं तोंड! मी म्हटलं, 'लाव लाव, चिखल कातडीले चांगलाच असते, फक्त तू तो कापल्या आंगठ्याचा पाय जास्त वेळ चिखलात नोको ठेवू, पिकन...' तिचा हात खाली आला. 'बाजूले व्हा बाई, तुमच्या आंगावर उडन,' म्हणे. अन् भजे खाऊन सगळ्या गेल्या. मस्त झाले म्हणे भजे!

सांजेले पोरीचा व्हिडिओ कॉल. प्रतीक्षा, पुण्याले नोकरीत हाय. हरसाल बापाचा माखलेला चेहरा पाहे ना ती! म्हणून मी... लाज वाटते सांगाले... शेतातल्या बोडीच्या पाण्याकाठी गेली अन् आपल्याच हातानं गालाले चिखल फासला. म्हटलं, 'पाय वं, बायायनं सोडलं नाई मले!'

ती पाहातच राहिली. म्हणे, 'आई, बायायनं लावला अन् कान कोरडे?'

मी पदरानं गाल पुसला.  मंग उगाच विचारलं, 'तुह्या खोलीतल्या पोरी कुठी गेल्या वं?'

'सिनेमाले.'

'तू नाई गेली?'

'मले नाई म्हटलं कोणी.'

काय करता? माह्यावरच गेली बाप्पा पोरगी... लय हुशार हाय.